सोळा कापडांपैकी एक मंजूर

‘गाडी मीच धुतो’ हे तीन शब्द मी त्या दिवशी बोललो नसतो, तर आज मी घरात मान वर करून वावरलो असतो. पण बोललो. चहा पिता पिता बोललो, आणि बोलून झाल्यावर कपाची बशी उचलून ऐटीत आत गेलो. माझ्या आयुष्यातले सगळे मोठे घोटाळे असेच कपबशी हातात असताना सुरू झालेले आहेत.

गाडी माझी नव्हती. (तशी अजूनही नाही, पण ते पुढे येईलच.) गाडी सासऱ्यांची. काळी कुळकुळीत, चौदा वर्षांची, आणि चौदा वर्षांत तिच्यावर एक ओरखडा नाही. सासरे एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. निवृत्त झाल्यावर शोधायला चुका मिळेनात, तेव्हा त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी जेवताना, बोलताना, चप्पल काढताना ते माझ्याकडे बघत असतात आणि त्यांचा उजवा हात पेन्सिल धरल्यासारखा हलतो.

तर त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. ऑपरेशन ठरलं. दवाखाना मोठ्या मुलीच्या घराजवळ, म्हणून ते तिच्याकडे राहायला गेले आणि गाडी आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये आणून लावली. जाताना म्हणाले, “आता मी गाडी चालवणार नाही. ऑपरेशन झालं की पुढच्या रविवारी येतो, चांगल्या डोळ्याने गाडी एकदा नीट बघतो, आणि किल्ली कोणाला द्यायची ते ठरवतो.”

कोणाला म्हणजे दोघींपैकी एकीला. मोठीला, नाहीतर माझ्या बायकोला. मोठीकडे माझे साडू आहेत आणि साडूंकडे अगोदरच एक गाडी आहे. आमच्याकडे मी आहे. बायको बारा वर्षं बसने कामावर जाते, जाताना उभी आणि येतानाही उभी. गाडी चालवायला ती याच गाडीवर शिकली. त्या रात्री बाबा ताईकडे गेल्यावर ती मला म्हणाली, “ताई मागते, तिला मिळतं. मी बाबांकडे आजवर कधी काही मागितलं नाही. ही गाडी मात्र मी मागितलीय. तुम्ही फक्त एक करा. रविवारपर्यंत ती स्वच्छ राहील एवढं बघा.”

एवढंच. पण आमच्या शेजारच्या इमारतीत फरशा कापायचं काम चाललं होतं, आणि चार दिवसांत काळी गाडी राखाडी झाली. त्यात सेक्रेटरींनी जिन्यात नोटीस लावली : टाकीत पाणी कमी, पाइपने किंवा बादलीने गाड्या धुण्यास सक्त मनाई.

“गाडी धुणाऱ्या माणसाकडे नेऊन आणू या का?” बायको म्हणाली.

तेव्हा मी ते तीन शब्द बोललो. कारण मी बाजारात एक बाटली बघून ठेवली होती. पाण्याशिवाय गाडी धुण्याचं द्रव. फवारायचं, पुसायचं, संपलं. बाटलीसोबत एका पिशवीत मऊ कापडं आणि एक छापील सूचनापत्रक.

आता इथे माझ्या नोकरीबद्दल सांगणं भाग आहे. मी एका मोठ्या ऑफिसच्या भांडार विभागात कारकून आहे. पेन, कागद, टाचण्या, खोडरबर, फडकी, सगळं माझ्या सहीने बाहेर पडतं. आणि भांडार विभागाचा एक नियम आहे, तो कुठे लिहिलेला नाही पण मी एकवीस वर्षं पाळतोय : मागितलेल्याच्या निम्मं द्यायचं. कोणी दहा पेनं मागितली की मी लाल पेनाने दहा खोडतो आणि पाच लिहितो. मी निम्मं देतो म्हणून सगळे दुप्पट मागतात. सगळे दुप्पट मागतात म्हणून मी निम्मं देतो. अशा रीतीने सगळ्यांचं बरोबर चाललंय.

शुक्रवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. (पूर्ण दिवसाची मागितली होती. आमच्या साहेबांनाही तो नियम ठाऊक आहे.) पार्किंगमध्ये जाऊन सूचनापत्रक बॉनेटवर पसरलं आणि वाचायला घेतलं. पहिलंच वाक्य : ‘एका गाडीसाठी सोळा कापडे वापरावीत. प्रत्येक भागास स्वतंत्र कापड घ्यावे.’

सोळा! एका गाडीला! माझ्या हातात लाल पेन कधी आलं ते मला कळलंसुद्धा नाही. सोळा खोडून आठ केले. मग विचार केला, कापडाला दोन बाजू असतात, म्हणजे आठाचं काम चार करतील. चार केले. मग लक्षात आलं की कापड झटकता येतं. दोन केले. दोनातलं एक राखीव साठ्यात ठेवायला हवं, वेळ काही सांगून येत नाही. राहिलं एक.

पुढे : ‘पूर्ण बाटली वापरावी.’ अर्धी. ‘फवारल्यावर दोन मिनिटे थांबावे.’ एक मिनिट. ‘हलक्या हाताने पुसावे.’ यात आकडा नव्हता, त्यामुळे काही करता आलं नाही. आणि शेवटी बारीक अक्षरात : ‘धुळीचा जाड थर असल्यास हे द्रव वापरू नये.’ आता जाड म्हणजे किती? कशाने मोजलेलं? असला मजकूर आमच्याकडे आला की आम्ही ‘मोघम’ असा शेरा मारून बाजूला करतो. मी शेरा मारला. खाली लिहिलं, ‘तपासले. कापड १ (एक फक्त) मंजूर’, सही केली, तारीख टाकली. आणि कागद म्हणजे फाइलला लागलाच पाहिजे, म्हणून गाडीच्या कागदपत्रांची जी फाइल समोरच्या खणात असते तिच्यात नीट लावून टाकला. हे सगळं मी इतक्या सवयीने केलं की दुसऱ्या मिनिटाला विसरलोही.

मग बाह्या सरसावल्या. फवारलं, एक मिनिट थांबलो, पुसायला लागलो. कापडाखालून खर्र खर्र असा आवाज यायला लागला. मला वाटलं, वा, काम होतंय! आवाज आला की मी जोर वाढवायचो. जोर वाढवला की आवाज वाढायचा. मध्येच कापड जड झालं, चिखलासारखं काहीतरी त्यातून ओघळलं, मी झटकलं आणि पुन्हा लागलो. हात मी गोल गोल फिरवत होतो, कारण गोल फिरवल्यावर काम मनापासून चाललंय असं दिसतं. दीड तासात गाडी काळी झाली. पार्किंगच्या सावलीत ती अशी काही चमकत होती की मला माझं पोट तिच्यात दिसलं. मी ते आत ओढलं आणि वर जाऊन बायकोला म्हटलं, “चल, बघ.”

बायको खाली आली. बघितलं. हसली! लग्नानंतर ती माझ्या कामाकडे बघून अशी मोजून दोनदा हसली असेल. म्हणाली, “थांबा, बाहेर काढते, उजेडात बघू या.”

तिने गाडी उन्हात नेली, उतरली, बॉनेटपाशी गेली आणि तिथेच थबकली.

“अहो.”

“काय?”

“हे काय आहे?”

“कुठे काय?”

“हे. गोल गोल.”

“तो उजेड आहे.”

“उजेड गोल असतो?”

“सूर्य गोल आहे ना अगं.”

तिने बॉनेटवर बोट ठेवलं. मी वाकून पाहिलं. बॉनेटवर, दारांवर, टपावर, डिकीवर, सगळीकडे वर्तुळं. एकात एक, एकावर एक. तारेच्या घासणीने घासलेल्या पातेल्याचं बूड असतं ना, तशी सगळी गाडी. त्या एका कापडाने फरशीची सगळी भुकटी गोळा केली होती आणि मी ती चौदा वर्षं जपलेल्या रंगावर दीड तास मनापासून घोळवली होती.

“किती कापडं वापरलीत?” बायकोने विचारलं.

मी म्हटलं, “तसं बघायला गेलं तर...”

“पिशवीत पंधरा शिल्लक आहेत,” ती म्हणाली, आणि वर निघून गेली.

मी बाटलीवरच्या नंबरला फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती.

“सर, आपण किती कापडं वापरलीत?”

“पुरेशी.”

“म्हणजे किती, सर? सोळा?”

“त्याच्या अलीकडे.”

“चौदा?”

“अजून अलीकडे या.”

“दहा? आठ?” तिचा आवाज प्रत्येक आकड्याला बारीक होत गेला. “सर, चार?”

“एक,” मी म्हटलं.

“एक मिनिट होल्ड करा, सर.” तिने फोनवर हात ठेवला, पण नीट ठेवला नाही. “अगं ऐका ना सगळ्या, एक! एका कापडात अख्खी गाडी!” मागे खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. मी फोन ठेवून दिला. लोकांच्या कामाच्या वेळेत आपण करमणूक कशाला करायची?

शनिवारी ऑफिसात मी तोंड पाडून बसलो होतो. आमच्या आवक-जावक टेबलावरच्या बाईंना जगातल्या कुठल्याही संकटावर उपाय माहीत असतो. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “हात्तिच्या! एवढंच ना? टूथपेस्ट लावा. माझ्या भावाने स्कूटरला लावली होती, ओरखडा गेला.”

“सगळा?”

“ओरखडा गेला म्हणजे गेला. नंतर भावाने स्कूटरही विकली, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.”

बुडणाऱ्या माणसाला एवढं पुष्कळ झालं. मी घरी आलो, राखीव साठ्यातलं कापड काढलं आणि टूथपेस्टची मोठी नळी घेतली. या वेळी मात्र काटकसर केली नाही. पूर्ण नळी वापरली. (माझा नियम मी आयुष्यात एकदाच मोडला, आणि तो कधी मोडला बघा.) बॉनेटवर अर्धा तास घासलं. वर्तुळं गेली, अगदी खरं सांगतो, तेवढ्या भागातली गेली. त्यांच्या जागी मोठ्या ताटाएवढा एक निस्तेज पांढरट डाग आला. शिवाय टूथपेस्ट दारांच्या फटींत, दिव्यांच्या कडांना आणि डिकीवरच्या नावाच्या अक्षरांच्या खाचांत जाऊन वाळली. काडीने टोकरून काढायला गेलो तर काडी मोडून आत राहिली.

बायको केव्हा येऊन मागे उभी राहिली कळलं नाही. मला वाटलं आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती डागाकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, “मला गाडीचं एवढं नव्हतं हो. बाबांना एकदा तरी वाटावं की हिच्याकडे काही सोपवलं तर नीट राहतं, एवढंच होतं.”

मला तिथेच रडू आलं. एकवीस वर्षं माझ्याकडे लोक मागत आले, प्रत्येकाने दुप्पट करून मागितलं. हिने एकच गोष्ट मागितली, हवी होती तेवढीच मागितली, आणि मी तीसुद्धा दिली नाही. जिना चढून वर गेलो आणि सोफ्याच्या कडेला बसून राहिलो. मुद्दाम कडेला, कारण मधोमध बसायचा मला अधिकार वाटेना.

रविवार उजाडला. एकच आशा होती. डॉक्टरांनी सासऱ्यांना काळा चष्मा दिला होता आणि उन्हात जायचं नाही म्हणून बजावलं होतं. आम्ही गाडी पार्किंगच्या सगळ्यात आतल्या, खांबामागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन लावली. दहाच्या सुमारास साडूंची गाडी आली. साडू उतरले, इस्त्रीच्या शर्टात. त्यांनी दार उघडलं आणि सासरे उतरले, काळ्या चष्म्यात.

“कसं आहे बाबा?” मी विचारलं.

“सगळं लख्ख दिसतंय,” ते म्हणाले. “तुमच्या शर्टाचं दुसरं बटण तिसऱ्या काजात गेलंय.”

काळ्या चष्म्यातून!

गाडीपाशी ते काही क्षण उभे राहिले. मग त्यांनी नाक फेंदारलं. “वास कसला येतोय?”

“स्वच्छतेचा,” मी म्हटलं.

“टूथपेस्टचा येतोय. गाडीने दात घासलेत की काय? बाहेर काढा तिला.”

“बाबा, डॉक्टरांनी ऊन नको सांगितलंय,” बायको म्हणाली.

“मी सावलीत उभा राहतो. ऊन तिला लागू दे.”

बायकोने गाडी बाहेर काढली. सासऱ्यांनी चष्मा काढला, हात कपाळाशी धरला आणि कच्चं मुद्रित तपासावं तसे एका टोकापासून निघाले. बॉनेट, पुढचं दार, मागचं दार. बोट हवेत, रंगापासून दोन अंगुळं वर. काडी अडकलेल्या खाचेपाशी थांबले. डिकीला वळसा घातला. आम्ही तिघं रांगेत उभे होतो. साडूंचा चेहरा गंभीर होता, पण बुटाची टोकं आनंदाने हलत होती.

“कोणी धुतली?” सासऱ्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात बायको म्हणाली, “मी.”

मी चमकून तिच्याकडे पाहिलं. ती समोर बघत होती. कान लाल झाले होते. मला वाटलं, धरणी दुभंगावी. माझ्यासाठी ती खोटं बोलली, तेही गाडी हातची जात असताना, आणि मी खांबासारखा उभा! “नाही हो बाबा...” असं मी म्हणायला लागलो, पण ते माझ्याकडे न बघता गाडीत वाकले. “ठीक आहे,” म्हणाले. “कागदपत्रं तरी बघू.” त्यांनी समोरचा खण उघडला आणि फाइल काढली.

तेव्हा मला आठवलं.

“बाबा, ती फाइल राहू द्या, धूळ आहे तिच्यावर,” मी पुढे झालो.

“असू दे. पुसू. कापडं बरीच असतील ना घरात?” म्हणत त्यांनी फाइल उघडली. पहिलाच कागद तो होता. ऑपरेशन अतिशय यशस्वी झालं होतं, कारण त्यांनी बारीक अक्षरंसुद्धा न अडखळता मोठ्याने वाचली. सोळा, खोडून आठ, खोडून चार, खोडून दोन. ‘जाड थर’च्या पुढचा ‘मोघम’ वाचताना त्यांचा आवाज थोडा कापला. मग, “तपासले. कापड एक, कंसात एक फक्त, मंजूर.” आणि माझं नाव. आणि तारीख.

साडू घसा खाकरून म्हणाले, “बाबा, मी असतो ना, तर सरळ माणूस लावला असता.”

“तुम्ही प्रत्येक कामाला माणूसच लावता,” सासरे म्हणाले. मग बायकोकडे वळले. “तुला खोटं बोलता येत नाही. लहानपणीही कान लाल व्हायचे. ही चूक तुझी नाही, म्हणून गाडी तुझी.” आणि तिच्या हातात किल्ली ठेवली.

ती रडायला लागली. मीही लागलो. साडूंच्या बुटांची टोकं हलायची थांबली.

“बाबा, आणि मी?” मी नाक पुसत विचारलं. नको होतं विचारायला. पण माणूस आनंदात वाहवत जातो.

“तुमचं लाल पेन द्या,” ते म्हणाले. “चाळीस वर्षांत चुका पुष्कळ पाहिल्या, जावईबापू. पण चुकीखाली सही आणि तारीख टाकून तिची फाइल करणारा माणूस पहिल्यांदा पाहिला. त्याचंही काहीतरी व्हायला हवं.”

त्यांनी कागद टपावर ठेवला, माझ्या सहीच्या खाली लिहिलं आणि माझ्या हातात दिला : ‘गाडी निम्मी मंजूर. आतून वापरावी. बाहेरून हात लावू नये.’ सही. तारीख. मी तो कागद पुन्हा फाइलला लावला. सवयच तशी आहे.

बायको हे अक्षरशः पाळते. आणि गाडीच्या दाराची मूठ बाहेरच्या बाजूला असते, हे माझ्या त्या दिवशी लक्षात आलं नव्हतं. त्यामुळे रोज सकाळी मी दोन्ही हात मागे बांधून गाडीशेजारी उभा राहतो. बायको बसते, आरसा नीट करते, पट्टा लावते, मग वाकून आतून माझं दार ढकलते. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटतं मी कोणीतरी मोठा साहेब आहे. परवा तर रखवालदाराने सलाम ठोकला.

काल बायको घाईत होती. आरसा नीट केला, पट्टा लावला आणि निघून गेली. मी डिकीवर एक थाप मारली असती तर ती थांबली असती. पण डिकी बाहेरची.

बसने गेलो. जाताना उभा आणि येतानाही उभा.